झिऱ्यावरची काठी

चोवीस वर्षांची असताना मी एका म्हाताऱ्या बाईची काठी तळ्यातून उपटली आणि सातवीच्या मुलींसमोर ती गुडघ्यावर मोडायला गेले. काठी मोडली नाही. वेळूची होती, ओली होती. ती नुसती वाकली आणि परत येऊन माझ्याच हनुवटीवर बसली. मुलींनी हसू दाबलं. एकीनं नाही दाबलं. तरीही मी ती काठी लांब भिरकावली आणि म्हणाले, "पाहिलंत? काही झालं का?"

त्या ‘काही झालं का’चं उत्तर यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. आलेलं उत्तर मला अजून नीट वाचता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमचं हे सदर मी वाचते, पण खरं सांगू का... हसायला वाचते. कुणाला पिंपळाखाली कोण दिसतं, कुणाच्या गाडीला कोण हात करतं. आमच्या घरी हे काही नव्हतं. देव्हारासुद्धा नव्हता. पौर्णिमेला विहारात वंदना, आणि एरवी वडिलांचं एकच पालुपद — पटलं तर घे, नाही पटलं तर विचार. मी त्यातलं ‘पटलं तर घे’ तेवढं घेतलं. ‘विचार’ मात्र राहून गेलं. ते पुढं येईलच.

तर जागा सांगते. मोताळा. बुलढाण्याहून मलकापूरकडं निघालात की घाट उतरल्यावर लागतं. माझं माहेर धाडचं, लग्न होऊन इथं आले आणि इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आठवडी बाजाराच्या मागच्या अंगाला तेव्हा एक पसरट तळं होतं. त्यात शिंगाडे लावत, म्हणून शिंगाड्याचं तळं. खोल नव्हतं. काठानं पाणकणसं, मधे शिंगाड्याचे वेल, आणि डास म्हणाल तर मुबलक.

तेव्हाची मी कशी होते, हेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला पिन, हातात छडी नाही पण आवाजात होती. तासातला अर्धा वेळ मी अंधश्रद्धेवर बोलायची आणि उरलेल्या वेळात बेडकाची पचनसंस्था उरकायची. मला वाटायचं, मोताळ्यात उजेड आला तो माझ्यासोबत जीपमधून उतरला.

दिवाळीनंतरचे दिवस होते. मुलींना डासांची अळी दाखवायला तळ्यावर नेलं. काठानं चालत होतो, तर एका जागी मुली थांबल्या. सगळ्या एकदम, जशा काही कुणी दोरी ओढली.

"बाई, त्याच्या पुढं नोका जाऊ. तिथी काठी आहे."

"काठी आहे म्हणजे काय आहे?"

"काठी आहे ना, बाई."

त्यांच्या लेखी खुलासा पूर्ण झाला होता. पाण्यातून कंबरेएवढी वेळूची काठी वर आलेली, तिच्या टोकाला लाल काठाची चिंधी बांधलेली. गाठीची दोन टोकं — एक खाली लोंबणारं, एक वर ताठ उभं, वासराच्या कानासारखं. माझं रक्त उसळलं. सातवीतल्या मुली चिंधीला घाबरतात म्हणजे काय. पदर खोचला, घोटाभर पाण्यात उतरले, काठीजवळ उभी राहिले, हात लांबवून उपटली. पुढचं वर सांगितलंच आहे.

तळ्याच्या मधून एक बाई आली. दोन घागरी पालथ्या घालून त्यांवर वेळू बांधलेला, त्याच्यावर पोट टेकून ती हातानं पाणी मारत येत होती. कौतिकाबाई तिचं नाव. शिंगाडे तोडून तोडून बोटं काळी पडलेली.

"काऊन व बाई, काठी काऊन उपटली?"

मी पुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "आजी, चिंधीत देव नसतो."

"देव कोन म्हनलं?"

"मग नवस असेल."

"नवस नाही, माय. ते..."

आणि तिचं ते वाक्य मी ‘ते’वर तोडलं. मुलींकडं वळून भाषण सुरू केलं. छान झालं भाषण. कौतिकाबाई थोडा वेळ ऐकत राहिली, मग ‘बरं’ म्हणाली आणि घागरीवर पालथी पडून परत गेली.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मुलींना घेऊन गेले. बघा, दोन दिवस झाले, काठी नाही, काही कोप नाही, हे दाखवायला. ह्या वेळी नुसतं दाखवायचं नव्हतं, त्या जागेवर उभं राहायचं होतं. उभी राहिले. आणि कंबरेपर्यंत आत गेले.

मी तुम्हाला सांगते, माणूस चिखलात जातो तेव्हा धप्प वगैरे आवाज होत नाही. कुणीतरी खालून सावकाश पाय ओढून घेतंय, आणि त्याला घाई नाही, असं वाटतं. मुली ओरडायला लागल्या. मी ओरडले नाही, कारण मी विज्ञानाची बाई होते. मी फक्त हात हलवत होते.

"हालू नोको," मागून आवाज आला. "जितकी हालशीन तितकी जाशीन. पालथी पड."

"साडी..." मी म्हणाले. शप्पथ. हेच म्हणाले.

"साडीले काय करतं व. आंधी जीव काढ."

मीच भिरकावलेली काठी तिनं आडवी टाकली, स्वतः चिखलावर पोटावर पडली आणि मला इंचाइंचानं ओढून काढलं. डावी चप्पल आत राहिली. काठावर आणून बसवल्यावर तिनं ते अडवलेलं वाक्य पूर्ण केलं. रागावून नाही. जसा कुणाला भाजीचा भाव सांगावा तसं.

"ते झिरा आहे. पानी खालून येते, म्हून तिथला गाळ ढिला राह्यते. काठी म्हून लावतो. चिंधी दुरून दिसाव म्हून. एक कान उभा म्हंजे झिरा जिता आहे. दोन्ही कान पडेल म्हंजे आटला, जा बिनधास्त."

"मग आधी का नाही सांगितलं?"

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तुम्हीही तसंच बघत असाल तर बरोबर आहे.

इथवरचं मी लग्नकार्यात पुष्कळदा सांगितलंय, लोक हसतात. पुढचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मी अर्ज लिहायची. घरी आले, अंघोळ केली आणि गावच्या नावानं ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला — सदर तळे विद्यार्थिनींच्या जिवास धोकादायक असून डासांचे उगमस्थान आहे, तरी ते बुजविण्यात यावे. झिऱ्याचा उल्लेख नाही. काठीचा नाही. माझ्या चपलेचा तर नाहीच. अक्षर सुंदर होतं. पालकांच्या सह्या मिळाल्या. उन्हाळ्यात रस्त्याच्या बाजूनं मुरूम पडायला लागला.

शिंगाड्याची जागा आधी गेली. मग कौतिकाबाई धामणगाव बढ्याला मुलाकडं राहायला गेली. निघताना ती एकदा शाळेच्या फाटकापाशी उभी होती म्हणे. मी तास सोडून गेले नाही. तास महत्त्वाचा होता... बेडकाचा असेल.

मुरूम पडत राहिला, गाव वाढत राहिलं. तळ्याची पाऊण बाजू गेली. ले-आउट पडले, कंपाउंड झाली, बोअर झाल्या. डास गेले नाहीत, नाल्यांत मजेत वाढले. उरला तो मागच्या अंगाचा दलदलीचा तुकडा, त्यात पाणकणसं, बेशरमाची झुडपं आणि प्लास्टिक. मी रिटायर झाले, नवरा गेला, गुडघे गेले. त्या बाजूनं मी जात नव्हते. रिक्षावाला जायला लागला तर म्हणायची, बाबा, दुसऱ्या रस्त्यानं घे, इकडं खड्डे आहेत.

मागच्या हिवाळ्यात माझी नात प्रज्ञा आली. पुण्यात शिकते, शहरांतल्या पाणथळ जागांवर. मैत्रिणींना माझं फोनवरचं बोलणं स्पीकर लावून ऐकवते, मजा म्हणून. आली ती गमबूट घेऊनच आली.

"आजी, बाजारामागचं ते पाणथळ तुला माहितेय?"

"डबकं म्हण."

"डबकं नाही. तिथं काल मी टिबुकली पक्ष्याची पिल्लं पाहिली. डबक्यात कुणी पिल्लं काढत नाही."

मग तिनं समजावलं, आणि मी पहिल्यांदाच कुणाचं वाक्य न तोडता ऐकलं. म्हणजे एकदाच तोडलं, चहा उतू जात होता म्हणून. गुरुवारी पाणथळ जागांची नोंद करायला सरकारी माणसं येणार होती. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता — पाणी कुठून येतं. गावात ज्याला त्याला विचारून झालं, सगळे म्हणतात नालीचं आहे. नालीचं असं लिहिलं गेलं की संपलं, उरलेल्या तुकड्यावरही भराव पडणार, असं प्रज्ञाचं म्हणणं.

"पण नालीच्या पाण्यात ज्या वनस्पती उगवत नाहीत त्या तिथं आहेत," ती म्हणाली. "खाली कुठंतरी स्वतःचं पाणी असणार. पण दाखवता आलं पाहिजे. एवढ्या दलदलीत शोधणार कुठं? आधीचं कुणी उरलंय का, ज्याला जागा माहीत आहे?"

उरलं होतं. एकच जण.

"मी डोळे झाकून दाखवते," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले, माहीत नाही. म्हातारपणी माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला येऊन भेटावं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गेलो. ऊन कोवळं होतं तरी मी रस्त्यातच दमले. दमणं हल्ली पायांपासून सुरू होत नाही, आतूनच होतं, आधीच कुठंतरी जाऊन आल्यासारखं. प्रज्ञा मात्र दर दहा पावलांवर थांबून दाखवत होती.

"तो बघ आजी, वंचक बगळा."

"ढोकरी आहे ती. आमच्या वेळेस ढोकरी होती."

"तेच ते. आणि ते लांब लाल पायांचे, शेकाटे. आणि चतुर बघ किती आहेत. चतुराची पिल्लं पाण्यात असतात, डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. बेडूकही खातात, बारके मासेही खातात. डास नको असतील तर हे सगळं हवं."

सातवीच्या वर्गात मी बेडकाच्या पोटात काय काय असतं ते वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं होतं. त्या पोटात डास जातो, हे पुस्तकात होतं. अर्ज लिहिताना आठवलं नव्हतं.

बांधावर पोचलो आणि मला कळलं की मी हरवले आहे. माझी खूण म्हणजे एक चिंच होती आणि एक धुण्याचा दगड. चिंचेच्या जागी कुणाचं तरी न्हाणीघर. दगड मुरुमाखाली. चारी बाजूंना पाणकणसं पुरुषभर उंच, सगळीकडं सारखीच. कौतिकाबाईनं मला जिथून बाहेर काढलं ती जागा मी जन्मात विसरणार नाही असं वाटलं होतं, आणि विसरले होते.

"कुठं, आजी?"

नातीसमोर ‘माहीत नाही’ म्हणायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. मी हातातली चालायची काठी उचलून दाखवलं, "तिकडं. त्या कोपऱ्याच्या थोडं अलीकडं." खरं सांगते, मी जिकडं झुडपं कमी होती तिकडं दाखवलं, पोरीच्या पायाला काटे लागू नयेत म्हणून. एवढाच माझा आधार.

"अलीकडं म्हणजे पायवाटेवर चालेल ना? घट्ट आहे ना?"

"घट्ट आहे."

मी बांधावर बसले. ती पाणकणसांत शिरली. हातात मोजायची लांब सळई, पाठीला पिशवी. तिचं डोकं दिसत होतं, मग दिसेनासं झालं. नुसती कणसं हलत होती. आणि मग ती हलायची थांबली.

तेव्हा मला आठवलं. जागा नाही आठवली, ते सावकाश खाली जाणं आठवलं. मी उठायला गेले आणि गुडघ्यानं उठू दिलं नाही.

"आजी," आतून तिचा आवाज आला, शांत. "ही काठी कशाची आहे?"

"कसली काठी?"

"वेळूची. पाण्यात रोवलीय. वर कापड बांधलंय. पूजेचं आहे का काही? बाजूला करू?"

मी घाबरले नाही. भीतीलासुद्धा जोर लागतो, तो नव्हता. तोंडातून फक्त एवढं निघालं, "हात लावू नको. पाय उचलू नको. कापडाचा कान कसा आहे?"

"काय?"

"गाठीची दोन टोकं असतील. दोन्ही खाली आहेत का?"

कणसं एकदा हलली.

"नाही. एक वर आहे. ताठ उभंय."

"मग जिथं आहेस तिथंच थांब. पुढं सळई घालून बघ."

तिनं सळई घातली. नंतर तिनं मला सांगितलं की तिचा उजवा पाय उचललेलाच होता, काठीच्या पुढं टाकायला. त्याच जागी सळई घातली तर ती जात राहिली, जात राहिली, मूठ पाण्याला टेकली तरी तळ नाही. सळई काढली तसे खालून बुडबुडे आले, बारीक, एकामागे एक. तिनं तिथं थर्मामीटर सोडला. बाकीचं पाणी हिवाळ्यानं गार होतं, तेवढ्या एका जागी कोमट. खालून येणारं पाणी थंडीत कोमट लागतं, हे मीसुद्धा शिकवलेलं आहे.

चप्पल काही वर आली नाही, उगाच अपेक्षा ठेवू नका.

तिनं आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत मला हात देऊन आत नेलं. मला बघायचं होतं. काठी हिरवी होती, नुकती तोडल्यासारखी, खालच्या पेराला अजून पांढरी भुकटी. चिंधी लाल काठाची, जुन्या सुती लुगड्याची. खालचा कान पाण्याला लागून ओला, वरचा कोरडा. आणि प्रज्ञानंच दाखवलं, मी दाखवलं नाही... काठीच्या भोवती उथळ पाण्याखाली मऊ काळा गाळ होता, दुधावरच्या सायीसारखा, आणि त्यावर ढोकरीच्या बोटांशिवाय कशाचाही ठसा नव्हता. जी पावलं होती ती प्रज्ञाच्या गमबुटांची, आणि ती काठीच्या अलीकडं संपत होती.

"कुणीतरी वरून खोचली असेल," ती म्हणाली.

"कुठं उभं राहून?"

तिनं आजूबाजूला पाहिलं.

ह्या वेळी मी काठीला हात लावला नाही. पन्नास वर्षांत एवढं तरी शिकले.

बांधावर परत येऊन बसलो तेव्हा मी तिला अर्जाचं सांगितलं. सगळं सांगितलं. साडी म्हणाले तेही, फाटकापाशी गेले नाही तेही. आणि आज जागा माहीत नसताना तिला आत पाठवलं, तेही. ती बराच वेळ सळईचा चिखल गवताला पुसत बसली.

"तू लिहिलास अर्ज? तुझ्या हातानं?"

"अक्षर सुंदर होतं," मी म्हणाले.

ती हसली नाही. माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.

गुरुवारी माणसं आली. काठी होती तिथंच होती. साहेबांनी सळई घातली, थर्मामीटर पाहिला, बुडबुडे पाहिले, फॉर्मवर लिहिलं: झिरा, जिवंत. जुनी माहिती देणाऱ्याचं नाव विचारलं. मी म्हणाले, लिहा माझं, आणि खाली हेही लिहा की हे तळं बुजवायचा पहिला अर्ज ह्याच बाईचा होता. ते म्हणाले, आजी, त्याला रकाना नाही. मी म्हणाले, मग समासात लिहा. त्यांनी लिहिलं. भराव अजून पडलेला नाही. पुढचं मला माहीत नाही, आणि विचारायला आता उत्साहही नाही.

पण काठी कुणी लावली, हे मी विचारलं. म्हशी चारणाऱ्याला विचारलं, ले-आउटच्या चौकीदाराला विचारलं, पलीकडच्या झोपड्यांत विचारलं. त्या दलदलीत कोण जाणार बाई, म्हणाले. मीच लावली असेन आणि विसरले असेन, हेही धरून पाहिलं. मी हल्ली चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधते. पण मला ती गाठ येत नाही. परकराच्या नाडीवर, ओल्या फडक्यावर, सुतळीवर, आठवडाभर बसून बांधून पाहिली. दोन्ही कान पडतात. प्रज्ञानं मोबाइलवर हुडकलं, तिलाही कुठं सापडली नाही. ती म्हणते, असेल कुणीतरी, आजी, आपल्याला माहीत नसलेलं कुणीतरी. तिचं बरोबर असेल. मी तिच्या वयाची असते तर मीही हेच म्हणाले असते, जरा जोरात.

शेवटी एसटीनं धामणगाव बढ्याला गेले. कौतिकाबाई जाऊन वीसएक वर्षं झाली होती, मुलगाही गेला. सून आहे, वच्छला. साठीची, दारात तूर पाखडत बसलेली. मी नाव सांगितलं तर तिनं सूप खाली ठेवलं.

"चपलेवाली मास्तरीन?"

म्हणजे ती गोष्ट इथंही पोचली होती.

"सासू लय सांगे तुमची गोष्ट," वच्छला म्हणाली. "साडी साडी करे म्हने बाई. सांगे आन हासे."

"रागावत नव्हती?"

"राग कायचा. शिंगाड्याचं तयं गेलं तवा रडली. तुमची गोष्ट आली का हासे."

मी सांगितलं की तळं जाण्याचा अर्ज माझाच होता. सांगायला म्हणूनच आले होते, बाकी सगळं निमित्त. वच्छला म्हणाली, "मालूम आहे." एवढंच. उठून आत गेली. मला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही. चहा घेऊन आली.

मग मी तिला मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिनं पदरानं हात पुसले, फोन दूर धरला, जवळ धरला. गाठीवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं.

"हे गाठ तिचीच व."

"तुला येते?"

"मले नाही येत. तिच्या पोराले नाही आली. तिनं कोनाले शिकवलीच नाही, म्हने तयंच नाही त गाठ कायले पायजे."

"मग ही काठी कुणी लावली, वच्छला? तू तर नाही?"

तिनं फोन माझ्या हातात परत दिला, माझ्याकडं न बघता. मी निघेपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही, म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे लक्षात आहेत. म्हणाली:

"म्या कधी ते तयं पाह्यलंच नाही, बाई, लगन होऊन आली ते इथीच आली. पन सासू जाईपर्यंत एकच घोकत होती — ते मास्तरीन पुन्हा एक दिवस जाईन तिथी, आन तिले जागा ध्यानात राहनार नाही, आन ते कोनाले इचारनार बी नाही. घ्या, चहा पेजा, थंडा होऊन राह्यला."